बोटाने सरकणारी नावे

केजमध्ये मला लोक संपादक म्हणतात. मी संपादक कधीच नव्हतो. बीडच्या एका दैनिकात बावीस वर्षे उपसंपादक होतो आणि त्यातली बहुतेक वर्षे तालुक्यांच्या पानावर गेली. ते पान म्हणजे नावांचे पान. उद्घाटन, सत्कार, जयंती, रक्तदान, कार्यक्रम कोणताही असो, बातमी दोन ओळींची आणि नावे वीस ओळींची. बातमी चुकली तर कोणी येत नसे. नावांचा क्रम चुकला तर माणूस सकाळी दहाच्या आत कार्यालयात हजर असे.

बाहेरच्यांसाठी हे काम थोडे समजावून सांगतो. अध्यक्ष आधी, उद्घाटक नंतर, मग प्रमुख पाहुणे. आजी पदाधिकारी माजींच्या वर. पण माजी मोठ्या पदाचा असेल तर तो लहान पदाच्या आजीच्या वर. पद सारखे असेल तर वय पाहायचे. वयही सारखे असेल तर ज्याचा माणूस बातमी घेऊन आला त्याचे नाव वर. हा शेवटचा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. सर्वांत जास्त वापरला गेला तो तोच.

जागा संपली की उरलेल्यांसाठी 'आदी उपस्थित होते' असे लिहून मोकळे व्हायचे. एकदा गेवराईकडचे एक गृहस्थ कात्रणांची फाइल घेऊन आले. प्रत्येक कात्रणात 'आदी' या शब्दाखाली लाल रेघ होती.

"ह्यो मी," ते म्हणाले.

"यात आपले नाव नाही."

"नाव न्हाई, पण मी हाय. फोटोत बघा, डावीकडून सातवा. धा वरसं झाली, मी आदीतच हाय."

पुढच्या बातमीत नाव घेऊ, असे मी सांगितले. त्यांनी हात जोडले. "नाव नका घेऊ. नाव घेतलं की कोणाच्या तरी खाली येतं. आदी बरं हाय. फक्त ते जरा ठळक करा."

ठळक केले. त्यात नियमभंग होत नव्हता. पुढच्या आठवड्यात चौघे जण येऊन गेले. छापलेला ठळक 'आदी' आपणच, असे प्रत्येकाचे म्हणणे होते आणि पुरावा म्हणून प्रत्येकाकडे तोच फोटो होता. नंतर मी तो शब्द पुन्हा साधा केला. पाचही जणांनी मिळून निवेदन दिले. निवेदनावर सह्या कोणत्या क्रमाने करायच्या यावर त्यांचे एकमत झाले नाही, म्हणून कागद बिनसह्यांचा आला.

नोकरी सोडल्यावर केजला बसस्थानकाजवळ निमंत्रणपत्रिका जुळवून देण्याचे दुकान टाकले. छपाई अंबाजोगाईला होते. मजकूर बसवणे, मांडणी, नावे हे काम माझे. आमच्याकडची लग्नपत्रिका म्हणजे छोटी मतदारयादीच. निमंत्रक, स्वागतोत्सुक, आशीर्वाद, कार्यवाहक, शेवटी 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी लहान मुले. सव्वाशे-दीडशे नावे सहज होतात. पत्रिका हातात आली की माणूस आधी स्वतःचे नाव शोधतो. मग आपल्या वर कोण ते पाहतो, मग खाली कोण ते. तारीख त्यानंतर. काही जण तारखेपर्यंत पोचतच नाहीत आणि लग्न होऊन गेल्यावर रुसतात.

आता त्या प्रकरणाकडे येतो.

माझ्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, मन्मथआप्पांचे कापडाचे दुकान आहे. रोज अकरा वाजता त्यांच्याकडून चहा येतो, म्हणजे येत असे. गेल्या लग्नसराईत त्यांची मुलगी राजेश्वरी हिचे लग्न ठरले. ती पुण्याला एका कंपनीत आहे. ही कंपनी मोबाइलवर याद्या करायचे ॲप बनवते. किराणा, कामे, प्रवासाचे सामान, कशाचीही यादी करा. या ॲपमध्ये नुकतीच एक नवी सोय आली होती आणि ती बनवणाऱ्यांत राजेश्वरी होती. आधी यादीतली ओळ हलवायची तर तिच्यापुढचा वरचा बाण दाबावा लागे. एका दाबाला एक पायरी. साठावी ओळ पहिली करायची तर एकोणसाठ वेळा दाबा. नव्या पद्धतीत ओळीवर बोट क्षणभर टेकवायचे, ओळ उचलली जाते, मग हवी तिथे ओढून न्यायची आणि बोट काढायचे. बाकीच्या ओळी आपोआप सरकून जागा देतात.

"लोकांना यादी करायचा कंटाळा असतो, काका," ती मला म्हणाली. "हलवायला मात्र आवडते."

स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेवरच तिने ही सोय वापरायचे ठरवले. निमंत्रकांची चौसष्ट नावे घालून यादी तयार केली आणि तिची लिंक चौसष्ट जणांना पाठवणार असल्याचे मला फोनवर सांगितले.

"सगळ्यांना देऊ नकोस. क्रम आपण ठरवू."

"मग नंतर म्हणतील, आम्हाला विचारलं नाही."

"नंतर म्हणू दे. आधी म्हणाले तर छपाई होत नाही."

ती म्हणाली, "काका, मला मोठेआप्पा लग्नात पाहिजेत. त्यांना एकट्याला लिंक पाठवली तर ते उघडणार नाहीत. सगळ्यांना गेली तर बघतील तरी."

मोठेआप्पा म्हणजे मन्मथआप्पांचे थोरले भाऊ विश्वनाथआप्पा. परळीला त्यांचे भांड्यांचे दुकान आहे. राजेश्वरी सातवीपर्यंत त्यांच्या घरी राहून शिकली. शाळेत सोडायला रोज तेच जात. त्या दोन भावांत अकरा वर्षे बोलणे नव्हते. कारण तालुक्याला ठाऊक होते. मन्मथआप्पांच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत धाकट्याचे नाव वर आणि थोरल्याचे खाली छापले गेले. विश्वनाथआप्पा आले, मांडवात पत्रिका पाहिली, घडी करून खिशात घातली आणि पानावर न बसता परत गेले.

मला तालुक्यापेक्षा थोडे जास्त ठाऊक होते. ती पत्रिका मी जुळवली होती. मन्मथआप्पांनी दिलेल्या कागदावर थोरल्याचेच नाव वर होते. एक ओळ कापून दुसरीकडे चिकटवताना फोन आला, बोलता बोलता मी ती एक घर खाली चिकटवली, तपासली नाही. नंतर मन्मथआप्पा विचारायला आले. मी म्हणालो, "तुम्ही दिले तसेच छापले." त्यांनी डोक्याला हात लावला आणि घाईत आपल्याच हातून उलटे लिहिले गेले असे मानले. मूळ कागद तोवर मी फाडला होता. बावीस वर्षे इतरांच्या चुका दुरुस्त करणाऱ्याने केलेले हे काम आहे. त्याला लपवाछपवी म्हणतात, दुसरे नाव नाही.

यादी सोमवारी सकाळी अकराला खुली झाली. पहिली ओळ विश्वनाथआप्पांची, दुसरी मन्मथआप्पांची, मग चुलते, मेहुणे, साडू, व्याही. पत्रिका शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत अंबाजोगाईला पाठवायची होती, कारण पुढच्या सोमवारी पहिली पत्रिका परळीला वैजनाथापुढे ठेवायची होती. सहा दिवस हाताशी होते.

दुपारी एकपर्यंत दुसऱ्या ओळीखालचे एकही नाव जागेवर राहिले नव्हते. मी संगणकावर यादी उघडी ठेवली होती. तव्यावर लाह्या फुटाव्यात तशी नावे उडत होती. ज्याला विचारावे तो म्हणे, मी फक्त एक ओळ वर गेलो. आणि ते खरे होते. प्रत्येक जण एकच ओळ वर जात होता. मात्र बासष्ट जण एकेक ओळ वर गेले की कोणीच वर जात नाही आणि सगळे पुन्हा सुरू करतात.

गेवराईचे बसवराज, म्हणजे मन्मथआप्पांचे मेहुणे, यांचा फोन आला.

"संपादक, मी चौथा व्हतो."

"हो."

"जेवून आलो तर नववा. माणसानं जेवायचं न्हाई का?"

"ओळ पुन्हा वर घ्या."

"किती बारी घ्यायची? बोट दुखायलंय."

दोन तासांनी ते चौथ्या ओळीवर स्थिर झाल्याचे दिसले. कोणी हलवत नव्हते. विचारल्यावर कळले की एकाने ओळ धरून ठेवली असेल तर दुसऱ्याला ती हलवता येत नाही, हा शोध त्यांना लागला होता. ते स्वतः शेतावर गेले होते. त्यांच्या पत्नीने डाव्या अंगठ्याने नवऱ्याचे नाव दाबून धरले होते आणि उजव्या हाताने भाकरी थापत होती. "आज भाकरी जाड हाय," बसवराज संध्याकाळी फोनवर म्हणाले, "पण चौथा हाय."

मंगळवारी हा शोध सगळ्यांना लागला. दिवसभर यादी पूर्ण स्थिर होती. चौसष्टपैकी निम्म्या घरांत कोणी ना कोणी नावावर अंगठा ठेवून बसले होते. पाटोद्याकडच्या एका साडूने तर फोनवर जड वाटी पालथी घालून पाहिली. यंत्राला वाटी समजली नाही.

बुधवारी वेगळाच प्रकार झाला. तालुक्यातले दोन पुढारी, जे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, दोघांनीही लग्नाला येतो म्हणून कळवले. दोघांनाही मुहूर्ताचीच वेळ सोयीची होती. आमच्याकडे आलेल्या पुढाऱ्याला दारात फेटा बांधतात आणि बांधायचा मान पत्रिकेतल्या पहिल्या नावाला. ज्याला आधी बांधाल त्याच्या विरुद्धचा पुढारी ते पाच वर्षे लक्षात ठेवतो. ही बातमी सकाळी नवाला पसरली. साडेनवाला यादी उलटी वाहायला लागली.

आता प्रत्येकाला खाली जायचे होते. बसवराज चौथ्यावरून साठाव्यावर गेले आणि तिथे अंगठा दाबून बसले. मन्मथआप्पा मुलीचे बाप, त्यांना खाली जाता येत नव्हते, ते दुसऱ्या ओळीवर नुसते पाहत राहिले. तेवढ्यात विश्वनाथआप्पांची पहिली ओळ उचलली गेली आणि हळूहळू, एकेक घर उतरत, तळाला गेली. शेजारी नोंद आली: विश्वनाथ यांनी ओळ १ वरून ओळ ६४ वर हलवली. या ॲपमध्ये कोणी काय हलवले याची नोंद राहते.

"दादानं यादी उघडली," मन्मथआप्पा म्हणाले. ते माझ्या दुकानात, माझ्याच खुर्चीवर बसले होते. "अकरा वरसात पहिल्यांदा माझ्या घरचं कायतरी उघडलं. अन् उघडून खाली गेला."

"फेट्यामुळे असेल. सगळेच जात आहेत."

त्यांना ते पटले. मलाही.

दुपारी पहिल्या ओळीवर कैलासवासी गुरुलिंगआप्पा दिसले. हे दोघा भावांचे वडील. त्यांचे नाव खालच्या 'आशीर्वाद' या वेगळ्या भागात होते, तिथून ते बसवराजांनी वर आणले होते. मी फोन केला.

"वारलेला माणूस दारात फेटा कसा बांधील?"

"त्येच तर. त्यांच्यावर कोण रुसतंय?"

"पत्रिकेत तसे छापता येत नाही."

"कावून? मान थोरला हाय त्यांचा."

कैलासवासींना मी स्वतः परत आशीर्वादात नेले. दोनदा. गुरुवारी सकाळी एका पुढाऱ्याने आपण हळदीला येऊन जातो असे कळवले आणि प्रश्न मिटला. अकराच्या सुमारास यादी पुन्हा वर वाहू लागली. मन्मथआप्पांनी थोरल्या भावाचे नाव तळातून उचलून पहिल्या ओळीवर ठेवले.

एक वाजता ते पुन्हा चौसष्टावर गेले. नोंद तीच. विश्वनाथ यांनी हलवली.

मन्मथआप्पांनी वर नेले. पाच वाजता खाली गेले. शुक्रवारी सकाळी वर, साडेनवाला खाली. दुपारी वर, एकला खाली. अकरा वर्षे जे एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते ते दोन भाऊ, एक केजला आणि एक परळीला, एका ओळीवरून भांडत होते आणि मधे बोलायला कोणी नव्हते. आता फेट्याचे कारणही उरले नव्हते. इतर बासष्ट नातेवाईक हे पाहत होते. त्यांनी स्वतःची नावे हलवणे थांबवले होते. गेवराईहून बसवराजांचा फोन आला. "संपादक, स्कोर काय झाला?"

शुक्रवारी पाच वाजता नाव सहाव्यांदा खाली गेल्यावर मन्मथआप्पा खुर्चीतून उठले.

"वर बसवतो, उतरतो. पुना बसवतो, पुना उतरतो. किती पाया पडायचं माणसानं? दादा येत न्हाई. माझं नाव वर घाला अन् छापा."

"उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

"छापा म्हनलं ना."

ते गेल्यावर मी राजेश्वरीला कळवले. ती म्हणाली, "काका, बाबांचं नाव वर छापलं तर पुन्हा तेच झालं. ते कधीच येणार नाहीत. प्लीज, छापू नका."

आमच्या दैनिकात एक शिस्त होती. दोन बाजू दोन गोष्टी सांगत असतील तर फोनवर विश्वास ठेवायचा नाही, जागेवर जायचे. शनिवारी सकाळच्या एसटीने मी परळीला गेलो. जायला आणखी एक कारण होते, ते वर आले आहे.

विश्वनाथआप्पा दुकानात पाटावर बसून पातेल्यांवरची राख पुसत होते. परळीत वीजकेंद्राची राख उडते, सकाळी पुसलेले भांडे दुपारी पुन्हा पुसावे लागते. मला पाहून उठले नाहीत.

"या संपादक. त्यानं धाडलं का?"

"नाही. मीच आलो."

"मग आता जाताना त्याला येक सांगा. नाव काढायचं तर येकदाच काढ म्हनावं. रोज तीन बारी खाली ओढू नगं. पोरीचं लगीन हाय म्हनून गप बसलोय मी."

मी विचारले, "खाली कोण ओढतो?"

"त्योच! दुसरं कोण? मी सकाळी दुकान उघडलं की बघतो, जेवल्यावर बघतो, चहाला बघतो. उघडतो तवा वर असतंय. वाचत वाचत शेवटाला जावं तर तळाला माझंच नाव. माझ्या डोळ्यासमोर खाली नेतो, एवढी हिंमत."

"मला दाखवता?"

त्यांनी चष्मा चढवला. फोन एका पालथ्या पातेल्यावर आडवा ठेवला. यादी उघडली. पहिल्या ओळीवर त्यांचेच नाव होते. मन्मथआप्पा 'छापा' म्हणून गेले होते, तरी सकाळी उठून त्यांनी ते पुन्हा वर नेले होते. विश्वनाथआप्पांनी उजव्या हाताची तर्जनी पहिल्या नावावर ठेवली, पोथी वाचताना ठेवतात तशी, आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "विश्वनाथ गुरुलिंगआप्पा." दम घेतला. तेवढ्यात ओळ उचलली गेली, तिच्याभोवती फिकट सावली आली. बोट खालच्या नावावर सरकले. "मन्मथ गुरुलिंगआप्पा." बोट खाली. तिसरे नाव. चौथे नाव. प्रत्येक नाव ते स्पष्ट वाचत होते आणि बोट काचेवरून उचलत नव्हते. बोटाखाली त्यांची स्वतःची ओळ उतरत होती. पडद्याच्या कडेला बोट गेले की यादी आपोआप पुढे सरकत होती आणि ती सोय फार चांगली झाली आहे असे त्यांचे मत होते. चौसष्ट नावे वाचायला सात-आठ मिनिटे लागली. शेवटी त्यांनी बोट काढले.

"बघा. हाय का न्हाई तळाला?"

मी त्यांना समजावले. त्यांना पटले नाही. मी म्हणालो, आता दुसऱ्या कोणाच्या नावापासून वाचा. त्यांनी बसवराजांवर बोट ठेवले आणि वाचत खाली आले. बसवराज तळाला गेले. विश्वनाथआप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मी विश्वनाथआप्पांची ओळ पुन्हा पहिल्यावर नेली आणि बसवराजांची वर न्यायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या त्याला तिथंच," ते म्हणाले.

माझे काम इथे झाले होते. यादीचा घोळ कळला होता, परतीची एसटी पाऊण तासाने होती. मी उठलोही. तेव्हा ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले, "म्हंजे ह्या बारीला मन्मथनं केलं न्हाई. मागल्या बारीला मात्र केलं."

मी खाली बसलो.

"मागच्या वेळीही त्यांनी केले नाही. ती पत्रिका मी जुळवली होती. कागदावर तुमचे नाव वर होते. चिकटवताना माझ्या हातून खाली गेले."

एक बाई पातेले घ्यायला आल्या. विश्वनाथआप्पांनी तीन पातेली दाखवली, तळ वाजवून दाखवला, एक कागदात बांधून दिले, झाकण बसते का ते पाहायला सांगितले. बाई गेल्या. मग माझ्याकडे वळले.

"त्याला ठावं हाय?"

"नाही. त्यांनी विचारले होते. तुम्ही दिले तसेच छापले, असे मी सांगितले."

"म्हंजे त्याला वाटतंय, त्याच्याच हातून झालं."

"हो."

"अन् मला वाटतंय, त्यानं मुद्दाम केलं." त्यांनी फडके उचलले, खाली ठेवले. "तुमी पेपरात व्हता न्हवं का? पेपरात चुकलं की काय करता तुमी लोक?"

"दुसऱ्या दिवशी चूकदुरुस्ती छापतो."

"मग छापा."

"कशात छापू?"

"पत्रिकेत."

"लग्नाच्या पत्रिकेत चूकदुरुस्ती नसते, आप्पा."

"पत्रिकेत झाली, पत्रिकेत निस्तरा. नावासकट. न्हाईतर मी येत न्हाई. मन्मथवर राग म्हनून न्हाई. तुमच्यावर."

पातेल्यावरच्या फोनवर, त्यांच्या समोर, मी ती चूकदुरुस्ती यादीत पासष्टावी ओळ म्हणून लिहिली. सवयीप्रमाणे तीन वाक्यांत बसवली. अकरा वर्षांपूर्वीच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत श्री. विश्वनाथआप्पा यांचे नाव जुळणी करणाऱ्याच्या चुकीमुळे खाली छापले गेले. यजमानांनी दिलेला क्रम बरोबर होता. चूक लपवल्याबद्दल जुळणी करणारा दिलगीर आहे. शेवटी माझे पूर्ण नाव. विश्वनाथआप्पांनी बोट न टेकवता, हात पाठीमागे बांधून ती वाचली.

एसटीत बसून मी फोन उघडला. पासष्टावी ओळ चौपन्नावर होती. अंबाजोगाईला विसाव्यावर. नातेवाईक ती वाचत होते आणि वाचून वर ढकलत होते. नोंदीत एकेक नाव येत होते, बासष्टांतली किती तरी. बसवराज स्वतः तळाला पडले होते, त्यांनी स्वतःला सोडून आधी ती ओळ सात घरे वर नेली. केजच्या अलीकडे ती तिसऱ्यावर होती. स्थानकात उतरलो तेव्हा पहिल्यावर होती, विश्वनाथआप्पांच्याही वर. नोंद होती: मन्मथ यांनी ओळ ३ वरून ओळ १ वर हलवली.

मन्मथआप्पा माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. आत बसले नव्हते.

"अकरा वरसं," ते म्हणाले, "रोज अकरा वाजता माझ्याकडचा चहा पेला तुमी."

"हो."

"मी लगीच विचारायला आलतो तुमच्याकडं. दुसऱ्याच दिवशी. तवाच सांगितलं असतं तर दादा तवाच जेवला असता."

मी पत्रिका उघडून जुळणीला बसलो. चूकदुरुस्ती निमंत्रकांच्या वर, श्री वैजनाथ प्रसन्नच्या खाली बसवली. टंक लहान घेऊ का, असे विचारले. ते म्हणाले, मोठा घ्या. पावणेसहाला पत्रिका अंबाजोगाईला गेली. पाठवण्याआधी क्रम तीनदा तपासला.

सोमवारी पहिली पत्रिका वैजनाथापुढे दोघा भावांनी मिळून ठेवली, असे राजेश्वरीने कळवले. लग्नाला विश्वनाथआप्पा चार दिवस आधी येऊन राहिले. पुढाऱ्याला फेटा त्यांनीच बांधला. पानावर बसले आणि दोनदा वाढून घेतले, हेही कळले. राजेश्वरीच्या कंपनीने ॲपमध्ये बदल केला आहे. आता प्रत्येक ओळीच्या उजव्या कडेला एक लहान खूण असते, ती धरली तरच ओळ हलते. नावावर बोट ठेवून कितीही वेळ वाचा, काही होत नाही. परळीच्या एका ग्राहकाच्या सूचनेवरून हा बदल केला, असे तिने वरिष्ठांना लिहून दिले.

धंद्यावर परिणाम झाला. पत्रिका वाचून तीन जण आपापल्या जुन्या पत्रिका घेऊन आले. त्यांतल्या दोन मी जुळवलेल्याच नव्हत्या.

दोघे भाऊ आता रोज फोनवर बोलतात. मन्मथआप्पा दुकानाच्या ओट्यावर बसून बोलतात, रस्त्याच्या अलीकडे ऐकू येते. माझ्याशी दोघेही बोलत नाहीत. पत्रिका हजार छापल्या. पाकिटांवरची नावेही मीच घातली, चारशे बारा, मन्मथआप्पांनी पाठवलेल्या यादीवरून, त्यांनी दिलेल्या क्रमाने. त्या यादीत माझे नाव नव्हते. मी दिले तसेच छापले.